‘कल्याण’ या शब्दात अक्षरे किती?

एक सोपा प्रश्न विचारून सुरुवात करू. ‘कल्याण’ या शब्दात अक्षरे किती? चौथीतला विद्यार्थी बोटांवर मोजून सांगेल : क, ल्या, ण, म्हणजे ३. आता हाच प्रश्न संगणकाला विचारू. पायथन या संगणकभाषेत शब्दाची लांबी मोजण्याची एक तयार आज्ञा असते. ती वापरली की उत्तर येते ६. याचे कारण असे, की युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात हा शब्द क, ल, पाय मोडण्याचे चिन्ह, य, काना आणि ण अशा सहा चिन्हांच्या ओळीने साठवलेला असतो. शब्द साठवायला लागलेली जागा मोजली तर उत्तर येते १८, कारण यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. डोळ्यांना एकसंध दिसणारी अक्षरे मोजण्याचे युनिकोडचे स्वतःचे नियम आहेत. जुन्या नियमांप्रमाणे उत्तर ४ येत असे : क, ल्, या, ण. २०२३ साली निघालेल्या १५.१ या आवृत्तीत जोडाक्षर मध्येच न तोडण्याचा नियम आला, आणि तेव्हा कुठे संगणकाचे उत्तर चौथीतल्या मुलाच्या उत्तराशी जुळले.

यातली गंमत बाजूला ठेवून एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ३, ४, ६ आणि १८ ही चारही उत्तरे देणाऱ्या आज्ञावल्या व्यवस्थित चालतात. एकीतही संगणक चूक दाखवत नाही. कोणते उत्तर बरोबर, हे प्रश्न कशासाठी विचारला यावर ठरते. साठवणुकीची जागा आखायची असेल तर १८ बरोबर. शब्दकोड्यातले चौकोन भरायचे असतील तर ३ बरोबर. हा निर्णय आज्ञावलीच्या आत नसतो, बाहेर असतो.

एक दावा आणि त्याची उलटतपासणी

गेली काही वर्षे एक दावा सतत कानांवर येतो. आज्ञावली लिहिणे, म्हणजे ज्याला सर्वजण कोडिंग म्हणतात ते, आता कृत्रिम बुद्धिमत्ता करते. माणसाने फक्त साध्या भाषेत सांगायचे. या दाव्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपाथी या संगणकतज्ज्ञाने ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले. आज्ञावली वाचायचीही नाही, यंत्राला सांगत राहायचे आणि चालले की पुढे जायचे, असा त्याचा अर्थ. मूळ लिखाणात कारपाथी यांनी हेही म्हटले होते, की सुट्टीत करून टाकून देण्याच्या कामांना ही पद्धत वाईट नाही. दावा पसरताना ही अट मात्र वाटेत गळून पडली.

शिक्षकांनी या दाव्याची दखल घेण्याचे कारण घरगुती आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातली कितीतरी घरे सॉफ्टवेअरच्या पगारावर उभी आहेत. कोणी ठाण्यातच पोखरण रस्त्याला वा घोडबंदर रस्त्याला कामाला जातो, कोणी ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, घणसोली, महापेकडे जातो. बारावीचा निकाल लागला की पालक शिक्षकाला गाठतात आणि विचारतात, “सर, मुलीला कॉम्प्युटरला घालू का? की आता ते सगळं यंत्रच करणार?” या प्रश्नाला ‘घाला, भविष्य त्यातच आहे’ आणि ‘नको, ते क्षेत्र संपले’ ही दोन्ही उत्तरे सारखीच बेजबाबदार आहेत. उत्तर देण्यापूर्वी दाव्यामागचा पुरावा पाहिला पाहिजे. तो पुरावा उपलब्ध आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकाने वाचावा असा आहे.

साधन काय करते?

आधी साधनाविषयी थोडे. ‘गिटहब कोपायलट’ हे साधन २०२१ च्या जूनमध्ये मोजक्या लोकांना आणि २०२२ च्या जूनमध्ये सर्वांना मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ आले. या साधनांच्या मुळाशी भाषेचे एक फार मोठे गणिती प्रारूप असते. पुस्तके, लेख आणि लोकांनी खुल्या ठेवलेल्या अगणित आज्ञावल्या त्याला दाखवलेल्या असतात. आतापर्यंतच्या मजकुरानंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता किती, हे ते काढते, एक तुकडा निवडते आणि तीच कृती पुन्हा करते. माणसांनी दिलेल्या पसंतीवरून आणि लिहिलेली आज्ञावली चालवून पाहिल्यावर आलेल्या यशापयशावरून ते पुढे आणखी घडवले जाते. २०२५ पासून रुळलेली साधने याच्याही पुढे जातात. ती स्वतः फायली उघडतात, आज्ञावली चालवतात, आलेली चूक वाचतात आणि दुरुस्तीचा पुन्हा प्रयत्न करतात.

याचा उपयोग खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. अनोळखी भाषेतली वाक्यरचना आठवून देणे, दुसऱ्याने लिहून ठेवलेली जुनी आज्ञावली समजावून सांगणे, ठरावीक साच्याचे कंटाळवाणे लेखन करणे, तपासणीसाठी नमुने तयार करणे ही कामे साधन मिनिटांत करते. पूर्वी यातल्या एकेका कामात दुपार जात असे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. साधन जे लिहिते ते त्या प्रकारच्या लेखनात सहसा येते तसे असते. आपण ‘अक्षरे मोज’ एवढेच सांगितले, तर ‘अक्षर’ म्हणजे काय याविषयी ते काहीतरी गृहीत धरणारच. नीट समजावून सांगितले तर ते तीन मोजणारी आज्ञावलीही लिहून देऊ शकते. पण नीट सांगण्यासाठी सांगणाऱ्याला ६ आणि ३ यांतला फरक आधी माहीत असावा लागतो.

तीन प्रयोग

आता पुरावा. या साधनांनी काम किती लवकर होते, यावर झालेले तीन प्रयोग पाहू. तिन्हींत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी केलेली होती. काही वेळा वा काही जणांना साधन मिळाले, बाकीच्यांना नाही. म्हणजे पद्धत औषधांच्या चाचणीसारखी, विश्वासार्ह.

पहिला प्रयोग २०२२ सालचा. कोपायलट बनवणाऱ्या गिटहबच्या, तिची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आणि एमआयटीच्या संशोधकांनी तो केला. ९५ व्यावसायिक आज्ञावलीकारांना एकच काम दिले : जावास्क्रिप्ट भाषेत एक छोटा वेब सर्व्हर लिहिणे. साधन नसलेल्यांना सरासरी १६१ मिनिटे लागली, असलेल्यांना ७१. वेळ सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाला. ही बातमी ‘कोपायलटमुळे ५६ टक्के वेग वाढला’ अशा स्वरूपात जगभर गेली. गणिताच्या शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. १६१ ला ७१ ने भागले तर २.२७ येतात. म्हणजे वेळ ५६ टक्क्यांनी कमी होणे याचा अर्थ वेग १२७ टक्क्यांनी वाढणे. एकाच मोजमापाचे हे दोन आकडे. बातमीत वेळेचा आकडा आणि वेगाचा शब्द यांची सांगड घातली गेली. शिवाय संशोधकांनीच दिलेली अनिश्चिततेची मर्यादा २१ ते ८९ टक्के एवढी रुंद होती. बातम्यांमध्ये ती क्वचितच दिसली.

पण या प्रयोगावरचा मुख्य आक्षेप आकड्यांचा नाही, कामाच्या निवडीचा आहे. वेब सर्व्हर लिहिणे हे पाठ्यपुस्तकातले उदाहरण आहे. ते हजारो ठिकाणी सोडवून ठेवलेले आहे, आणि साधनाच्या प्रशिक्षणात तसे नमुने विपुल असणार. काय हवे ते पूर्ण ठरलेले होते, बरोबर आहे का हे तपासण्याची सोय तयार होती. हे म्हणजे स्वाध्यायातले गणित गाइड हाताशी ठेवून सोडवण्यासारखे झाले. वेळ वाचणारच.

दुसरा प्रयोग याहून मोठा. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅक्सेंचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारी एक मोठी कंपनी अशा तीन ठिकाणच्या ४,८६७ आज्ञावलीकारांवर, त्यांच्या रोजच्या कामातच तो झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये पुढे आले. साधन मिळालेल्यांनी पूर्ण केलेल्या कामांची संख्या सुमारे २६ टक्क्यांनी वाढली. नवख्यांना फायदा अधिक झाला, जुन्याजाणत्यांना कमी. काम खरे, माणसे पुष्कळ, म्हणून हा प्रयोग पहिल्यापेक्षा वजनदार आहे. पण मोजले काय? मुख्यतः, आज्ञावलीत बदल करून ते मंजुरीसाठी सादर केले अशी किती कामे झाली, ते. चार ओळींचा बदलही एक आणि चार दिवसांचा बदलही एक. शिक्षकाने वर्षात किती वह्या तपासल्या यावरून त्याचे अध्यापन मोजण्याइतकेच हे माप उपयोगी, आणि तितकेच अपुरे आहे.

तिसरा प्रयोग जुलै २०२५ मध्ये मेटर या अमेरिकी संशोधनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्यात माणसे फक्त १६, पण सर्व अनुभवी. सरासरी दहा लाखांहून अधिक ओळींच्या खुल्या आज्ञावल्यांवर ते सरासरी पाच वर्षे काम करत होते. त्यांच्याच नेहमीच्या कामांतली २४६ कामे घेऊन, प्रत्येक कामाला साधन वापरायचे की नाही हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. कामापूर्वी त्यांचा अंदाज होता, की वेळ २४ टक्के वाचेल. काम संपल्यावर त्यांना वाटत होते, की २० टक्के वाचला. घड्याळाने सांगितले, की साधनासह १९ टक्के जास्त वेळ लागला.

हा निष्कर्षही डोळे मिटून घेऊ नये. १६ माणसे म्हणजे फार थोडी. साधने २०२५ च्या पहिल्या सहामाहीतली; त्यानंतर ती पुष्कळ सुधारली आहेत. सर्वच आज्ञावलीकारांना हे लागू नाही असे संशोधकांनी स्वतःच बजावले होते. तेव्हा ‘साधनाने काम मंदावते’ असे सूत्र पाठ करण्याचे कारण नाही. मात्र या प्रयोगातला एक भाग साधने सुधारली म्हणून शिळा होणार नाही. काम केलेली जाणकार माणसेच स्वतःच्या वेगाविषयी उलट्या दिशेने चुकली. मला तर वापरून पटकन होते, असा स्वानुभव पुरावा म्हणून किती कच्चा असतो हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसेल.

मापातच काय सुटले?

तिन्ही प्रयोग एकमेकांशी भांडत नाहीत. काम नवे, छोटे, साच्याचे आणि माणूस नवखा असेल तर साधनाचा फायदा मोठा. काम जुन्या मोठ्या पसाऱ्यातले आणि माणूस त्यात मुरलेला असेल तर फायदा कमी, कधी तोटाही. एवढे आज सावधपणे म्हणता येते. परंतु तिघांनीही मुख्यतः काम संपेपर्यंतचा वेळ किंवा संपलेल्या कामांची संख्या मोजली. माझा मूळ आक्षेप या मापावरच आहे.

फ्रेड ब्रुक्स या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८६ साली एका निबंधात सॉफ्टवेअरच्या अडचणींचे दोन भाग केले होते. एक भाग आनुषंगिक : भाषा, यंत्र, साधने यांमुळे येणाऱ्या अडचणी. दुसरा भाग मूळचा : जे करायचे ते नेमके काय, त्याच्या अटी कोणत्या, एक गोष्ट बदलली की आणखी काय काय बदलेल, हे ठरवण्याची अडचण. साधने पहिला भाग कमी करतात. दुसरा तसाच राहतो, असे त्यांचे म्हणणे. आजची साधने दुसऱ्या भागातही काही सूचना देतात, हे ब्रुक्स यांच्या काळी नव्हते. पण निर्णयाची जबाबदारी कुठे राहते, हे आजही त्यांच्या विभागणीवरून नीट कळते.

मराठीचेच उदाहरण घेऊ. वृत्त ओळखणारी आज्ञावली करायची आहे. जोडाक्षराआधीचे अक्षर आघात आल्यास गुरू, एवढा नियम सांगितला. ‘कल्याण’मध्ये ल्यचा आघात ‘क’वर येतो, म्हणून क गुरू. ‘तुझ्या’मध्ये आघात नाही, म्हणून तु लघूच राहतो. लिहिताना दोन्हींकडे जोडाक्षर आहे. फरक उच्चारात आहे. त्याहून पुढचे उदाहरण ‘पुण्याला’ हे आहे. ‘त्याच्या पुण्याला पार नाही’ या वाक्यात पु गुरू. ‘तो पुण्याला गेला’ या वाक्यात पु लघू. लेखन तेच, चिन्हे तीच, बाइटही तितकेच. आज्ञावली कोणत्याही यंत्राने लिहावी, पण हा फरक तपासणीच्या यादीत घातला पाहिजे हे सुचणार कोणाला? मराठी ज्याच्या कानात आहे त्याला. हा माणूस संगणकशास्त्राचा पदवीधर नसेल, मराठीचा शिक्षक असेल. बँकेच्या आज्ञावलीत हीच जागा हिशेबनिसाची असते, रुग्णालयाच्या आज्ञावलीत परिचारिकेची.

या दृष्टीने पाहिले तर आज्ञावलीकाराच्या कामात खरा बदल कोणता झाला ते दिसते. लिहिणे स्वस्त झाले. काय लिहायचे ते ठरवणे आणि लिहिलेले बरोबर आहे का ते पारखणे स्वस्त झाले नाही. उलट, लिहिलेले अमाप झाल्यामुळे पारखण्याचे ओझे वाढले. आज्ञावलीकारांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरपीठाने २०२५ मध्ये घेतलेल्या पाहणीत ८४ टक्के लोक अशी साधने वापरत होते वा वापरण्याच्या विचारात होते. तरी उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास नसणारे ४६ टक्के होते, विश्वास असणारे ३३ टक्के. सर्वात मोठी तक्रार अशी, की उत्तर जवळजवळ बरोबर असते, पूर्ण नसते. ज्याने उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला ही तक्रार लगेच समजेल. संपूर्ण चुकलेले उत्तर तपासायला सोपे. नव्वद टक्के बरोबर आणि सुवाच्य अक्षरातले उत्तरच परीक्षकाचा वेळ खाते.

जुन्या दिलाशाचे काय?

येथे एक दिलासा नेहमी दिला जातो : अशी भीती प्रत्येक वेळी वाटली, आणि प्रत्येक वेळी काम वाढलेच. इतिहास खराच तसा आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा तेथेच घडवलेला संगणक चालू झाला तेव्हा त्याला यंत्राच्या सांकेतिक भाषेत आज्ञा द्याव्या लागत. अमेरिकेत १९५७ साली फोर्ट्रान ही भाषा आली. सूत्रासारखे लिहिले की यंत्रभाषेत रूपांतर आपोआप होई, आणि त्याला तेव्हा ‘स्वयंचलित आज्ञालेखन’ म्हटले जाई. आज्ञावलीकार त्यामुळे संपले नाहीत, कैक पटींनी वाढले. पुढे १९९० च्या दशकात, जुन्या आज्ञावल्यांतल्या दोन अंकी वर्षांमुळे सन २००० मध्ये घोटाळा होणार म्हणून दुरुस्तीचे प्रचंड काम निघाले. त्यातला काही भाग यंत्रांनी केला, तरी भारतीय कंपन्यांना त्यातून माणसे वाढवावी लागली.

दिलासा खरा असला तरी त्यावर विसंबता येत नाही. एक तर फोर्ट्रानचे भाषांतर ठरलेल्या नियमांनी होई. तेच वाक्य दिले की तोच अर्थ निघे; म्हणून भाषांतर तपासत बसण्याची गरज उरली नाही आणि माणूस वरच्या पायरीवर निर्धास्त उभा राहिला. भाषाप्रारूपाची अशी हमी नाही. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर वेगळी आज्ञावली येऊ शकते. पायाखालची पायरीच तपासत राहावी लागते. दुसरे असे, की पूर्वी काम वाढले हा अनुभव आहे, निसर्गनियम नाही. तीन वेळा छाप पडली म्हणून चौथ्यांदा पडेलच असे आपण विद्यार्थ्यांना शिकवत नाही.

पहिली पायरी

खरी काळजी आहे ती पहिल्या पायरीची. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली कारखान्यांतील स्वयंचलनाविषयी एक विसंगती दाखवली होती. सोपी कामे यंत्राकडे जातात, माणसाकडे उरतात ती अवघड : देखरेख करणे आणि यंत्र चुकले की सावरणे. पण अवघड काम जमण्यासाठी लागणारा सराव सोप्या कामातूनच मिळत असतो, आणि नेमका तोच निघून जातो.

ठाणेकरांना हे नवे वाटणार नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत आयटीआयमधून आलेला उमेदवार आधी साध्या लेथवर महिनोन् महिने तुकडे कापत असे. कापणारे हत्यार झिजले हे त्याला पुढे आवाजावरून कळू लागे. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली तेव्हा देखरेखीला लेथवर हात बसलेले टर्नर उपलब्ध होते. जो कधी लेथवर उभाच राहिला नाही त्याला ते कान कुठून येणार, हा प्रश्न पुढच्या पिढीचा होता.

सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न आता उभा आहे. नव्याने लागलेल्या मुलामुलींना पहिली दोन वर्षे बारीकसारीक दुरुस्त्या, तपासणीचे नमुने, साच्याचे लेखन अशी कामे मिळत. ती मुख्यतः कंपनीला स्वस्त पडत म्हणून दिली जात, पण त्यातून शिक्षण होत असे. साधन जे उत्तम करते ते नेमके हेच. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील वेतननोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. २२ ते २५ वयाच्या आज्ञावलीकारांची संख्या २०२२ च्या अखेरच्या शिखरापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी घटली होती. वयाने मोठ्यांची तशी घटली नव्हती. येथेही सावध राहिले पाहिजे. करोनाकाळात झालेली अतिरिक्त भरती आणि नंतर वाढलेले व्याजदर ही कारणेही त्या काळात होती, आणि अमेरिकेचे आकडे ऐरोलीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत भर मधल्या व वरच्या फळीवर होता, आणि याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसल्याचे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. कंपन्या सांगतात ती कारणे आणि लोक लावतात ती कारणे, दोन्ही पुराव्याने तपासायचीच. तरी तरुणांची पहिली पायरी अरुंद होत असल्याची शंका घेण्याइतका पुरावा आज आहे.

कंपन्या ती पायरी धर्मादाय म्हणून राखणार नाहीत. तेव्हा तिथे होणाऱ्या शिक्षणाचा काही भाग शाळा-महाविद्यालयांवर येणार. म्हणूनच हा विषय शिक्षकांच्या मासिकात यायला हवा.

वर्गात काय करता येईल?

यासाठी फार सामग्री लागत नाही. चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, मोजण्याचा प्रयोग. ‘ठाणे’ या शब्दात मुले अक्षरे मोजतील २, पायथन मोजेल ४ चिन्हे. ‘डोंबिवली’त मुले मोजतील ४, पायथन ८. असे का, हे मुलांनी चिन्हे सुटी लिहून शोधावे. मग ‘ठाणे’ हा शब्द संगणकाकडून उलटा करून घ्यावा. आपल्याला हवे असते ‘णेठा’. चिन्हे एकेक करून उलटवली, तर सुरुवातीला अधांतरी मात्रा येते आणि ठचा काना णला चिकटतो. आज्ञावली चालली आणि उत्तर चुकले, हा अनुभव मुलांना स्वतः घेऊ द्यावा.

दुसरी, तपासणी आधी. साधनाकडून आज्ञावली घेण्यापूर्वी मुलांनी कागदावर पाच प्रश्न आणि त्यांची अपेक्षित उत्तरे लिहावीत. त्यांतले दोन तरी अडचणीचे असावेत. उदाहरणार्थ, लोकलच्या प्रवासाचा वेळ काढणाऱ्या आज्ञावलीला २३.५० ला सुटून ००.४० ला पोचणारी गाडी द्यावी. नुसती वजाबाकी करणारी आज्ञावली तेथे उणे उत्तर देईल. मध्यरात्र आठवणे हे माणसाचे काम.

तिसरी, वाचन. आपण भाषेत लेखनाआधी वाचन शिकवतो. आज्ञावलीच्या तासाला मात्र उलटे होते. दहा ओळींची आज्ञावली देऊन प्रत्येक ओळ काय करते हे विद्यार्थ्याने तोंडी सांगावे. तिच्यात एक चूक मुद्दाम पेरावी. साधनाने लिहिलेले पारखण्याचा सराव हाच.

चौथी, घड्याळ. एकच काम निम्म्या मुलांनी साधनासह, निम्म्यांनी साधनाविना करावे. कोणी कसे, हे चिठ्ठीने ठरवावे. किती वेळ लागेल, किती लागला असे वाटते आणि किती लागला, हे तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. आठवड्याने तीच आज्ञावली थोडी बदलायला सांगावी आणि तो वेळही मोजावा. मोठ्या प्रयोगांनी न मोजलेली गोष्ट, म्हणजे मागे काय शिल्लक राहिले ती, येथे वर्गातल्या वर्गात दिसेल.

राहिला पालकांचा प्रश्न. मुलीला या विषयाची ओढ असेल तर तिने तो जरूर घ्यावा. पण चार संगणकभाषांची नावे सांगितली की नोकरी मिळते, हा हिशेब आता धरू नये. गणित, तर्क, नेमके लिहिता येणे आणि संगणकाबाहेरचा एक तरी विषय खोलात जाऊन येणे, याला पूर्वीपेक्षा जास्त मोल येईल, असे आजचा पुरावा सुचवतो. किती जास्त आणि किती दिवस, हे सांगणाऱ्या प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारावेत : मोजले कोणी, काम कोणते दिले, आणि मोजणे कुठे थांबवले? ‘कल्याण’मधली अक्षरे मोजताना चौथीतल्या मुलाने विचारायला हवा तो प्रश्नही याच जातीचा आहे : “बाई, अक्षर म्हणजे काय धरायचं?” असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वर्गात गप्प बसवू नये.